माझ्या थेअरीत शेळी नव्हती

नालवाडीत अंबादासभाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथं खिडकीत पत्र्याचा एक डबा असतो. कूलर, मिक्सर, विहिरीवरचा पंप, काहीही दुरुस्त करून परत जोडलं की एखादा स्क्रू उरतोच. तो त्या डब्यात पडतो. मशीन घरी जाऊन व्यवस्थित चालतं. मग हा स्क्रू कशाचा होता, ते कोणालाच सांगता येत नाही. डबा मात्र भरत जातो.

आमचे किस्से असेच साठले. कुठल्याही कामाचे नाहीत आणि फेकवतही नाहीत.

आमचे म्हणजे चौघांचे. पहिले अर्थात अंबादासभाऊ. दहावीनंतर शाळा सोडली आणि तेव्हापासून तांब्याची तार गुंडाळत आहेत. दुसऱ्या कोल्हे मॅडम. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाल्या, पण वर्गावर नजर ठेवायची सवय गेलेली नाही. तिसरे नाचणगावचे पुंडलिकराव. कापूस आणि तूर पिकवतात आणि दर रविवारी एसटीनं येतात. चौथा मी. कॉलेजात फिजिक्सचा प्राध्यापक होतो, नावामागे डॉक्टर आहे. चौघांत सगळ्यात जास्त शिकलेला मी आणि सगळ्यात जास्त घाबरणाराही मीच.

आता हेच बघा. वरचा परिच्छेद लिहिताना शंका आली, की डबा खिडकीत असतो की फळीवर? अंबादासभाऊंना फोन केला.

ते म्हणाले, "लिहा ना जी सर! डबा थोडाच कोर्टात साक्ष देणार हाय!"

* * *

सुरुवात कूलरपासून झाली. मे महिना होता. आमच्या कूलरची मोटार जळली, म्हणून मी ती घेऊन दुकानात गेलो. तेव्हा अंबादासभाऊ मला फक्त गिऱ्हाईक म्हणून ओळखत होते.

त्यांनी विचारलं, "सर, कूलरचा पंखा उलटा फिरवला तं काय होईन?"

मी खूश झालो. रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारलं नव्हतं! मी पंधरा मिनिटं बोललो. पंखा उलटा फिरला तर खोलीतली हवा ओल्या वाळ्यातून बाहेर जाईल, तिची जागा घ्यायला दारातून बाहेरची गरम हवा आत येईल, सबब खोली तापेल. कागदावर बाणही काढून दाखवले.

अंबादासभाऊंनी बाण नीट पाहिले. मग म्हणाले, "करून पाह्यलं का?"

"नाही."

"काऊन?"

मी कागदाची घडी घातली. तोपर्यंत त्यांनी दुकानातल्या कूलरच्या दोन वायरींची अदलाबदल केलीसुद्धा.

अर्ध्या तासात दुकान भट्टीसारखं तापलं. माझं बरोबर निघालं! मी घाम पुसत विजयी चेहऱ्यानं उभा होतो. तेवढ्यात शेजारच्या बाई भांडायला आल्या. "अंबादासभाऊ, माह्या शेळीले काय केलं तुमी? घरीच येऊन नाई राह्यली!"

आम्ही दुकानामागे गेलो. कूलरच्या पाठीमागे, ओल्या थंडगार हवेच्या झोतात, शेळी डोळे मिटून बसली होती. अंगावर पाण्याचे बारीक तुषार पडत होते. बाई दोरी ओढत होत्या आणि शेळी त्यांच्याकडे बघतही नव्हती.

अंबादासभाऊंनी आधी शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, तुमचं सगळं बरोबर निघालं. पण तुमच्या थेअरीत शेळी होती का?"

"नव्हती," मी कबूल केलं.

"मंग रविवारी येजो," ते म्हणाले.

* * *

रविवारी गेलो. मॅडम मिक्सर घ्यायला आल्या होत्या, त्या थांबल्या. पुंडलिकरावांचा पंप दुरुस्तीला होता, ते थांबले. शेळीचा किस्सा ऐकून दोघांनी एकेक प्रश्न काढला, आणि दर रविवारी सकाळी बसायचं ठरलं.

नियम दोनच झाले. पहिला, प्रश्न ज्यानं आणला त्यालाच त्याचं उत्तर माहीत असायला नको. दुसरा, आधी हातानं करून पाहायचं, मगच पुस्तक किंवा मोबाइल.

"अन् माहीत असलेला प्रश्न आणला तं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"त्याला गाइड म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. बसस्टँडसमोर मिळतात ना, तयार प्रश्न आणि तयार उत्तरांची पुस्तकं, ती. "अशा माणसाचं इथं काम नाही. त्यानं घरी बसावं."

सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढच्याच रविवारी मी तो नियम मोडला!

म्हणजे असं, की रविवारी माझी पाळी असली तर शनिवारी संध्याकाळी मी प्रश्न शोधायचो, त्याचं उत्तर तीन पुस्तकांत तपासायचो, आणि रविवारी भोळा चेहरा करून तो मांडायचो. एक वर्ष हे चाललं. दर रविवारी वाटायचं, आज पकडला जाणार. आणि पकडला गेलो असतो तर रविवार गेला असता, ही भीती फार मोठी होती. कारण आठवड्याचे सहा दिवस लोक मला "सर, बसा" म्हणायचे. फक्त रविवारी तिघं मला "सर, सरका!" म्हणायचे.

* * *

मॅडमचा एक प्रश्न. मुंग्यांना साखर जास्त आवडते की गूळ?

मॅडमची शिस्त शाळेतलीच. दुकानाच्या फरशीवर खडूनं दोन चौकोन, एकात मोजून साखर, एकात मोजून गूळ. मुंग्यांच्या बिळापासून दोन्ही चौकोन सारख्याच अंतरावर. आम्हाला बोलायची बंदी, कारण "मुंग्या डिस्टर्ब होतात."

एक तास झाला. एकही मुंगी आली नाही.

दीड तासानं पुंडलिकरावांना भूक लागली. त्यांनी डबा उघडला आणि ओरडले, "अरे बावा!" सगळ्या मुंग्या त्यांच्या शेंगदाण्याच्या ठेच्यात होत्या. ठेचा असा, की माणसाच्या डोळ्यांतून पाणी यावं!

मॅडमनी शांतपणे वही उघडली. हेतू, साहित्य, कृती, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली लिहिलं, "निष्कर्ष: मुंग्यांना प्रश्न समजला नाही."

* * *

नंतरचा प्रश्न अंबादासभाऊंचा, आणि खरा जिव्हाळ्याचा. त्यांच्या टेबलावर बशीत सुटे स्क्रू ठेवलेले असतात. जवळच्या रुळांवरून मालगाडी गेली की ते सगळे बशीत एकाच बाजूला सरकतात. कधीही पाहा, डावीकडे!

"चाळीस वर्षांपासून पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "डावीकडेच काऊन?"

हा माझ्या आवडीचा विषय. कंपनं! तीन रविवार आम्ही मोजमाप केलं. टेबलाचा उतार पाहिला. टेबल फिरवलं. बशी बदलली. पुंडलिकराव गाडीचे डबे मोजायचे, मॅडम वेळ लिहायच्या. मी रुळांपासूनचं अंतर, जमिनीचा थर, टेबलाच्या लाकडाचा कंपनांक असं सगळं घेऊन अकरा पानांचं गणित मांडलं. उत्तर येत होतं, डावीकडे! फक्त एक अडचण होती. टेबल फिरवून अंबादासभाऊ पलीकडे बसले तरी गणित डावीकडेच म्हणत होतं आणि स्क्रू उजवीकडे जात होते.

तिसऱ्या रविवारी मी बाराव्या पानावर होतो. गाडी गेली. स्क्रू सरकले.

मॅडम म्हणाल्या, "सापडलं."

मी आणि पुंडलिकराव बशीकडे पाहत होतो. मॅडम बशीकडे पाहतच नव्हत्या. त्या अंबादासभाऊंकडे पाहत होत्या.

"अंबादासभाऊ, गाडीचा आवाज आला की तुम्ही काय करता?"

"काई नाई. गाडी पाहतो."

"कसे पाहता?"

"उठून..." असं म्हणत ते उठून दाखवायला गेले, आणि त्यांचा गुडघा टेबलाच्या पायाला लागला. स्क्रू सरकले. गाडी तर केव्हाच निघून गेली होती!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा पानं! पण अंबादासभाऊंना इतका आनंद झाला, की ते टेबलाभोवती फिरून चारही बाजूंनी गुडघा मारून पाहायला लागले. "बाप रे! म्हणजे चाळीस वर्षं मी त्या गाडीले बदनाम करून राह्यलो! हालवून मीच राह्यलो!"

मी गुपचूप माझे कागद फाडायला घेतले, तर त्यांनी हात धरला.

"फाडता कायले सर? चांगलं हाय ते. टेबल खरंच गाडीनं हाललं तं कामात येईन!"

* * *

हिवाळ्यात पुंडलिकरावांनी एक प्रश्न आणला. ते म्हणाले, "कापूस हाती घेतला की माह्या वावरातला कोणता अन् शेजाऱ्याचा कोणता, हे मले समजते. असं मले वाटते. पण खरंच समजते का फक्त वाटते, हे मले माहीत नाई."

मी त्या रविवारी घरी जाऊन हे वाक्य लिहून ठेवलं. माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ प्रश्न मी कोणत्याही सेमिनारमध्ये ऐकला नव्हता.

वीस पुड्या झाल्या. दहांत पुंडलिकरावांचा कापूस, दहांत शेजाऱ्याचा. दुपट्ट्यानं डोळे बांधले. पुंडलिकराव पुडीतून चिमूट काढायचे, दोन बोटांत तंतू ओढायचे, आणि "माहा!" किंवा "त्याचा!" असा निकाल द्यायचे. वीसपैकी अठरा बरोबर!

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करून पाहू. एकदाच बरोबर येणं पुरेसं नाही." मध्ये पोहे झाले. हात तेलकट झाले म्हणून पुंडलिकरावांनी नळावर साबणानं स्वच्छ धुतले. पुन्हा डोळे बांधले.

वीसपैकी नऊ! आंधळेपणानं काहीही बोललं तरी इतके येतात.

पुंडलिकरावांनी दुपट्टा काढला. बोटं उलटसुलट करून पाहिली. वासही घेतला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रोफेसर साहेब, तुमची डिग्री कागदावर हाय म्हणून वाचली. माही धुऊन गेली!"

* * *

एक किस्सा आमच्या घरातला.

प्रश्न मॅडमचाच होता. वरण शिजताना गंजावर, म्हणजे पातेल्यावर, लाकडी चमचा आडवा ठेवला की ते उतू जात नाही म्हणतात. खरं की खोटं? दुकानात गॅस आला. गंज आणि चमचा मी घरून न विचारता आणला. पहिल्या खेपेला फेस चमच्यापर्यंत आला आणि थांबला. दुसऱ्या खेपेला थांबला नाही. तिसऱ्या खेपेला वरण अंबादासभाऊंच्या तारेच्या रिळापर्यंत पोहोचलं.

आमची कडाक्याची चर्चा सुरू झाली. पृष्ठताण, बुडबुड्यांचा आकार, गॅसचा दाब. फरशीवर खडूनं दोन समीकरणं आली. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, विमल, गंज शोधत दुकानात आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"चमचा थंडा असला तं फेस थांबते," विमल म्हणाली. "चमचा गरम झाला की नाई थांबत. दोन चमचे घ्या अन् आळीपाळीनं ठेवा. अन् माहा गंज द्या."

दोन चमचे घेतले. आळीपाळीनं ठेवले. दहाच्या दहा वेळा वरण थांबलं!

कोल्हे मॅडम अक्षरशः उभ्या राहिल्या. "वहिनी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वरणानं!" विमल म्हणाली आणि गंज घेऊन गेली.

* * *

आता मी पकडला गेलो तो रविवार. सांगायची लाज वाटते, पण न सांगितलं तर पुढचं कळणार नाही.

त्या दिवशी माझी पाळी होती. प्रश्न असा, की बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर का थंड होतो? दोन थर्मामीटर आणले होते. मी डोकं खाजवलं. म्हणालो, "बशी थंड असते म्हणून असेल का?" अंबादासभाऊ म्हणाले, "नाई जी, बशी पातळ राह्यते म्हणून असन." मी म्हणालो, "हो, असेलही!"

मॅडम मला बराच वेळ न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "सर, एक बोलू? तुम्ही चुकता, पण फार व्यवस्थित चुकता."

मी गडबडलो. विषय बदलायला म्हणून म्हणालो, "मॅडम, रीडिंग लिहून घ्या," आणि पिशवीतली वही पुढे केली. कोरी वही द्यायची होती. दुसरीच हाती आली.

चाळीस वर्षांची सवय! तासाला जायचं तर पाठाची टिपणं काढल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. मी रविवारचीही काढायचो.

मॅडमनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचली. वर्गात वाचतात तशी, प्रत्येक शब्द सुटा.

"साडेदहा. प्रश्न मांडणे. दहा पस्तीस. डोके खाजवणे. दहा चाळीस. चूक उत्तर क्रमांक एक, बशी थंड असते. दहा पन्नास. चूक उत्तर क्रमांक दोन, बशी पातळ असते. अंबादासभाऊंना हेच वाटेल, वाटू द्यावे. अकरा. आश्चर्य. अकरा पाच. बरोबर उत्तर."

मॅडमनी चष्मा खाली केला. "सर, चुकांना दहा-दहा मिनिटं आणि आश्चर्याला पाचच?"

पुंडलिकराव खो-खो हसले. पण अंबादासभाऊ हसले नाहीत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"वाटू द्यावे?" ते म्हणाले. "सर, मले खरंच वाटलं होतं ते."

"अंबादासभाऊ, माझा तसा अर्थ..."

"आमी तुमच्यासंगं खेळून राह्यलो होतो, सर. तुमी आमाले खेळवून राह्यले."

त्यांनी पाठ फिरवली आणि तार गुंडाळायला घेतली. मला वाटलं, संपलं. उठून जावं. पिशवी उचलली आणि परत ठेवली. मग जे विमललाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. रिसर्च करत होतो तेव्हा नागपूरला पहिल्याच सेमिनारमध्ये मी हात वर करून एक प्रश्न विचारला होता. वक्ते म्हणाले, "हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात." सगळा हॉल हसला. त्या दिवसापासून ज्याचं उत्तर खिशात नाही असा प्रश्न मी चारचौघांत विचारलेला नाही.

"मंग?" पुंडलिकराव म्हणाले. "हासले तं हासले! माह्या तुरीले अख्खं नाचणगाव हासते. म्हून काय पेरत नाई मी?"

अंबादासभाऊ पाठमोरेच होते. म्हणाले, "पुढच्या रविवारी एक प्रश्न आणजो, सर. खरा. नाई आणला तं नियम म्हणजे नियम."

* * *

तो आठवडा मी विसरणार नाही. मला न येणारा प्रश्न शोधायचा होता, आणि सापडत नव्हता! सोमवारी वाटलं, पाल भिंतीवरून का पडत नाही हे विचारावं, पण ते मी कुठंतरी वाचलं होतं. मंगळवारी एक सुचला, तर हात आपोआप कपाटाकडे गेला आणि पाच मिनिटांत उत्तर सापडलं. बुधवारीही तेच. गुरुवारी विमल म्हणाली, "तुमाले काय येत नाई हे शोधून राह्यले का? मले विचारा ना! बसा, सांगते." तिनं सुरुवातही केली. प्रेशर कुकरच्या रिंगपासून निघून ती आमच्या लग्नापर्यंत पोहोचली, तेव्हा मी फिरायला निघून गेलो.

शनिवारी माळ्यावरून जुनी पेटी काढली. तिच्यात माझ्या पीएच.डी.च्या वह्या होत्या. छापलेला प्रबंध नाही, त्याआधीच्या कच्च्या वह्या. एका पानावर पेन्सिलनं गोल केलेला एक आकडा होता. मी वही उजेडात धरली. त्या आकड्याकडे मी चाळीस वर्षं पाहिलं नव्हतं.

रविवारी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. तिघं आले. अंबादासभाऊंनी दुकान उघडलं. मी वही उघडली.

"माझी पीएच.डी. वार्निशवर आहे," मी म्हणालो. "तुम्ही मोटारच्या तारेवर लावता तेच. हवेत ओल वाढली की वार्निश विजेला कमी अडवतं. मी ओल वाढवत गेलो आणि आकडे उतरत गेले. उतरायलाच पाहिजेत, असं थेअरी म्हणते. पण मध्येच एका जागी आकडा वर गेला. हा बघा. मग परत उतरायला लागला. गाइड सरांना दाखवलं. ते म्हणाले, तुमचा हात ओला असेल, तो आकडा काढून टाका. मी काढून टाकला. आलेख छान गुळगुळीत झाला. मला डिग्री मिळाली."

"अन् प्रश्न?" मॅडमनी विचारलं.

मी त्या गोलावर बोट ठेवलं. "प्रश्न हाच. माझा हात ओला होता का?"

अंबादासभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यांनी नवी वार्निश केलेली कॉइल काढली. फळीवरून मेगर काढला. मेगर म्हणजे वार्निश विजेला किती अडवतं ते काट्यावर दाखवणारं यंत्र. बादलीत गरम पाणी घेतलं, तिच्यावर कॉइल टांगली आणि वर ओलं पोतं झाकलं.

"हात दाखवा," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी दुपट्ट्यानं सगळ्यांचे हात कोरडे केले, माझे तर दोनदा. मग दर दहा मिनिटांनी रीडिंग.

काटा उतरला. आणखी उतरला. पाचव्या रीडिंगलाही उतरला. मी म्हणालो, "राहू द्या. हात ओलाच असणार."

"गप बसा हो सर!" मॅडम ओरडल्या.

सहाव्या रीडिंगला काटा वर गेला.

मॅडमनी आकडा लिहून त्याला गोल केला. सातव्याला परत खाली. अंबादासभाऊंनी ती कॉइल काढून दुसरी टांगली. पुंडलिकरावांची बाराची बस गेली, मग दीडचीही गेली. दुसऱ्या कॉइलनंही तेच केलं. तिसरीनंही! उतरत उतरत येऊन मध्येच एकदा वर, आणि परत खाली.

"म्हणजे प्रोफेसर साहेब, तुमी तवा बरोबर होते!" पुंडलिकराव म्हणाले.

"मी नव्हतो," मी म्हणालो. "आकडा बरोबर होता."

अंबादासभाऊ मान खाजवत होते. "सर, एक सांगू का? हे तं पावसाळा लागला की नेहमीच होते. ओल चढता चढता मधात एक दिवस मोटार जास्त चांगली मेगर दाखवते. बाप बी म्हणे माहा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"मले वाटलं, तुमच्या पुस्तकात असनच!"

"पण असं का होतं?"

"ते मले काय माहीत? डॉक्टर तुमी!"

तिघंही माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं. चाळीस वर्षांच्या सवयीनं तीन कारणं जिभेवर आली, आणि तिन्ही खोटी आहेत हे मला कळत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. विमलचा होता. ऐकू कमी येतं म्हणून माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"दोन वाजून राह्यले. जेवायले किती वाजता येता?"

मी काट्याकडे पाहिलं. चौथी कॉइल बादलीवर टांगलेली होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकरावांनी तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली!

"अवो," फोनमधून विमल म्हणाली, "कोणाचं लग्न लागून राह्यलं तिथं?"